लंडनमधील सात दिवसांसाठी कोणता पास घ्यावा?

आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी, एका बुधवारी लंडनला पोहोचून पुढच्या मंगळवारी परतणार आहोत, आणि प्रवासाच्या पासाबाबत माझा निर्णय होत नाही. मुक्काम झोन २ मध्ये (लंडनचे प्रवासभाडे मध्यभागापासून बाहेर आखलेल्या अशा क्रमांकित विभागांवर ठरते) आहे, फिरणे बहुतेक झोन १ मध्येच होईल. हीथ्रो विमानतळ मात्र झोन ६ मध्ये येतो.

संपर्करहित बँक कार्डावर किंवा ऑयस्टर कार्डावर (लंडनच्या वाहतुकीसाठी पैसे भरून वापरायचे कार्ड) आठवड्याच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, हे मला ठाऊक आहे. परंतु तो आठवडा सोमवार ते रविवार असाच धरला जात असल्याने आमचा प्रवास दोन आठवड्यांत विभागला जातो आणि त्या मर्यादेचा फायदा जवळजवळ हातातून निसटतो. सात दिवसांचे ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे ठरावीक झोनमध्ये हवा तितका प्रवास करू देणारा पास, कोणत्याही वारापासून सुरू करता येते. तेव्हा ते केवळ झोन १-२ चे घेऊन विमानतळाच्या दोन फेऱ्यांचे वाढीव भाडे ऑयस्टरमधील शिल्लक रकमेतून भरावे, असा माझा विचार आहे. झोन १-६ चे ट्रॅव्हलकार्ड दोनच फेऱ्यांसाठी मला तरी उधळपट्टी वाटते.

मुलीसाठी ऑयस्टरवर ‘यंग व्हिजिटर’ सवलत (पाहुण्या मुलांसाठीची भाड्यातील सूट) घ्यावी लागेल. ती स्थानकातील कर्मचाऱ्याकडून कार्डावर नोंदवून घ्यावी लागते. रात्री उशिरा हीथ्रोच्या स्थानकात उतरणाऱ्यांना हे काम तिथेच करता आले का? शिवाय बसचा वापर अधिक असल्यास ट्रॅव्हलकार्डाऐवजी रोजच्या कमाल मर्यादेवरच भागते का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.