शब्दचर्चा: उदंचन, उपसा आणि खाणीचा खंदक

मुक्ता
ऑस्ट्रेलियातल्या किडस्टन प्रकल्पावर लेख लिहितेय. क्वीन्सलँडमधली ही सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली आणि मागे दोन अवाढव्य खड्डे उरले. दिवसा सौरवीज मुबलक असताना खालच्या एल्ड्रिज खड्ड्यातलं पाणी वरच्या वाइझेस खड्ड्यात चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं, अशी योजना. उभारणी २०२१ मध्ये सुरू झाली. या 'पंप्ड स्टोरेज'ला मराठीत काय लिहू? सरकारी कागदांत 'उदंचन' आहे, पण वाचक तिथे अडखळेल असं वाटतं. आणि नुसतं 'खड्डा' लिहिलं की रस्त्यावरचे खड्डे आठवतात.

रघुवीर
'उदंचन' सोडू नका. संस्कृतात उदञ्चन म्हणजे विहिरीतून पाणी वर काढायचं भांडं, पोहरा. पाणी वर खेचणं हाच त्याचा अर्थ, त्यामुळे शब्द नेमका आहे. शिवाय तो रुळलेलाही आहे. अकोले तालुक्यातला घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ पासून चालू आहे. वरचं धरण घाटघरला, खालचं कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला. १२५ मेगावॉटचे दोन संच, म्हणजे योगायोगाने तुमच्या किडस्टनइतकेच.

सायली
'उपसा' का नको? उपसा सिंचन तर सगळ्यांना कळतं.

रघुवीर
कळतं, पण अर्थ बदलतो. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी वर जातं ते शेतात मुरतं, पंपाकडे परत येत नाही. इथे तेच पाणी दोन तळ्यांमध्ये रोज वर-खाली फिरतं. बाष्पीभवन आणि गळतीची भर घातली की पुरे. माझा खरा आक्षेप 'जलविद्युत' या शब्दाला आहे. तो वाचून लोकांना वाटतं, नदीवरच्या धरणासारखी इथे नवी वीज तयार होते. प्रत्यक्षात चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात. वीज हवी त्या वेळी मिळावी म्हणून हा तोटा सोसायचा. म्हणून 'उदंचन वीजसाठा' लिहा, आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात समजावून सांगा.

आणखी एक कळकळीची विनंती. बातम्यांत 'क्षमता २५० मेगावॉट' एवढंच छापतात. त्यातून एका वेळी किती वीज मिळेल ते कळतं, किती वेळ मिळेल ते नाही. किडस्टनचा साठा २००० मेगावॉट-तास, म्हणजे पूर्ण जोराने आठ तास. दोन्ही आकडे द्याच. पाण्याचा हिशेबही सांगता येईल: एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी २०० मीटर खाली आलं की जेमतेम अर्धा युनिट वीज मिळते. एवढे प्रचंड खड्डे कशाला लागतात, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

म्हापसेकर
खड्ड्याचं मी सांगतो. गोव्यातली मराठी वर्तमानपत्रं 'खाण खंदक' लिहितात. लोहखनिज काढून झाल्यावर पाण्याने भरलेले खंदक आमच्याकडे सत्तरी, डिचोलीत आहेत, आणि उन्हाळ्यात टंचाई झाली की त्यातलं पाणी नदीत सोडायची चर्चा दरवर्षी होते. 'खंदक' म्हटलं की खोली आणि उभ्या कडा दोन्ही लगेच कळतात.

सायली
आम्ही वणीचे, कोळसापट्ट्यातले. आमच्याकडे खुल्या खाणीला 'ओपनकास्ट' हाच शब्द तोंडी बसलाय. किल्ल्याभोवतीचा तो खंदक असं डोक्यात पक्कं असल्यामुळे 'खाण खंदक' मला नवा आहे, पण जोडून लिहिला तर चालेल. 'बंद खाण' मात्र टाळा. भूमिगत खाणही बंद पडते, आणि तिथे पाणी साठवायचा प्रश्नच वेगळा. आणि खुल्या खाणीही सगळ्या सारख्या नसतात हे लेखात यायला हवं. कोळशाच्या खाणीच्या कडा बऱ्याचदा मऊ असतात. रोज पाणी चढलं-उतरलं की त्या ढासळू शकतात. खडकात गंधकाची खनिजं असतील तर पाणी आम्लधर्मी होऊन टर्बाइन गंजतं. किडस्टनसारखा कठीण खडक सगळीकडे मिळत नाही.

मुक्ता
मनापासून आभार. मग असं लिहिते: 'किडस्टनच्या दोन खाणखंदकांत उदंचन वीजसाठा उभारला जात आहे. स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज परत मिळवायची.'

रघुवीर
'परत मिळवायची'च्या आधी 'बरीचशी' घाला.