पायथन २ की ३ : आधी कोणतं?

डिचोली: वाचनालयात पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीचं पुस्तक मिळालं. त्यावरून सुरुवात करू की थेट ३ घेऊ?

फोंडा: थेट ३. जुन्याच्या दुरुस्त्या १ जानेवारी २०२० पासून बंद. पुस्तकातला कंसाविना प्रिंट (पडद्यावर दाखवण्याची आज्ञा) नव्यात लगेच चूक दाखवतो, ते बरंच. भागाकार मात्र गुपचूप फसवतो: ७/२ जुन्यात ३, नव्यात ३.५. पूर्णांक हवा तर // लिहा.

पेडणे: मराठी मजकूर हाताळायचा तर ३च! 'गोवा'ची लांबी नव्यात ४ येते, कारण ओकार आणि काना वेगळे मोजतात. जुन्यात यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) १२, कारण तिथे अक्षरचिन्हं नव्हे, बाइट म्हणजे साठवणीची एककं मोजली जातात.

डिचोली: आणि वापरणाऱ्याने टाइप केलेलं घेणारं रॉ_इनपुट?

फोंडा: आता नुसतं इनपुट. ते मजकूरच देतं. बेरजेआधी इंटमध्ये (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) घाला, नाहीतर २ आणि ३ मिळून २३ होतात.