चमत्कार दिसला म्हणजे शिक्षक खरा असं नाही
वर एका ताईंनी लिहिलंय की प्रार्थनेने माणूस बरा झाला म्हणजे तो पास्टर खराच, हे नाही पटत मला. बायबलमधलं मत्तय 7:22-23 वाचा, चमत्कार केले म्हणणाऱ्यांनाच येशू म्हणतो मी तुम्हाला ओळखतच नाही. आमच्या बडोद्यात घरोघरी प्रार्थना सभा होतात, बऱ्याचशा चांगल्या असतात, पण बाहेरून आलेला कुणी आशीर्वादासाठी क्यूआर स्कॅन करा म्हणाला की सावध व्हायचं. दिदाखे या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीच्या पुस्तकात तर सरळ लिहिलंय, फिरता प्रेषित पैसे मागत असेल तर तो खोटा संदेष्टा. बिरुया शहरातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासायचे (प्रेषितांची कृत्ये 17:11), मग आपण पास्टरना हे बायबलमधलं वचन कुठलं असं विचारलं तर अपमान कसला, आणि विचारल्यावर जो शापाची भीती घालतो त्याच्याकडे आजारी माणसाला अजिबात नेऊ नका, गोळ्या बंद करायला लावतात हो असे लोक.