ताकिवातांगा: मुलाला गोलात आणायचं की गोल त्याच्याकडे न्यायचा?

शेवग्याची शेंग (धागाकर्ती): न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या एका चाइल्डकेअर सेंटरमध्ये शिकवते. चार वर्षांचा एक माओरी (इथल्या मूळ रहिवाशांपैकी) मुलगा आहे, ऑटिस्टिक. सकाळी सगळे गोल करून बसतात; कराकिया (प्रार्थना) आणि वायाता (गाणी) सुरू झाली की कानांवर हात दाबून चपलांच्या रॅकखाली शिरतो. मॅनेजरबाई म्हणतात, गोलात आणा, नाहीतर कसला समावेश? ऑटिझमला माओरीत ताकिवातांगा म्हणतात. केरी ओपाई यांनी घडवलेला शब्द, अर्थ साधारण 'आपापल्या वेळेत, आपापल्या जागेत'. आमच्या भिंतीवर तो रंगवलाय, आणि त्याच भिंतीखालून पोराला दंडाला धरून ओढायचं?

चिंचगूळ: साफ असहमत. गोल म्हणजे फानाउ, सगळं गणगोत. माओरी बोलल्याबद्दल शाळेत मार खाल्लेली पिढी होऊन गेली. भाषा जगवायला 1982 साली वाइनुइओमाताला पहिलं कोहांगा रेओ (माओरी भाषेतली बालवाडी) निघालं. आणि तुम्ही ह्यालाच बाहेर बसवताय?

शेवग्याची शेंग: बाहेर कुठे? रॅकखालून शेवटची ओळ बरोब्बर गुणगुणतो. परवा त्याची आजी आली, रॅकपाशी फतकल मारून बसली आणि तेच गाणं हळू म्हणाली. पोराने हात काढला. एकाच कानावरचा, पण काढला.

नाकासमोर: आजी रोज येणारे का? दोन वर्षांवरच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस, हा तिथला कायद्याचा किमान आकडा. मदतनीस आली तरी मोजक्या तासांपुरती. 'ते फारिकी' (1996चा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम, 2017मध्ये सुधारलेला) म्हणजे विणलेली चटई. विणणार कोण, ते बोला.

कोथिंबीरवडी: थोडं अवांतर. माझ्या लेकाच्या वेळी सल्ला मिळाला, घरी फक्त इंग्रजी बोला. सहा महिने सासूबाई नातवाला 'कम, ईट' करत होत्या. दोघंही गप्प गप्प झाले. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलं मागे पडतात असं संशोधनात दिसत नाही, हे नंतर कळलं. त्या मुलाचं माओरी कुणी बंद करू नका एवढंच.

चिंचगूळ: भाषेचं शंभर टक्के मान्य. पण पाच पूर्ण झाली की शाळा. तिथे रॅकखाली कोण बसू देणार?

शेवग्याची शेंग: शाळेचं शाळेत भांडू. सध्या गोलच रॅकपासून दोन हातांवर सरकवलाय. मॅनेजरबाईंची तक्रार आहे, झाडू मारायला अडचण होते.