अनुभव धागा : फ्लोरेन्सचे काशीने उद्यान आणि संगमावरची छत्री

फ्लोरेन्सला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी कॅथेड्रल आणि चित्रसंग्रहालये पाहून पुढच्या गावाला निघतात. आर्नो नदीच्या उजव्या काठाने सुमारे साडेतीन किलोमीटर पसरलेले काशीने उद्यान आणि त्याच्या टोकाची कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री त्यांच्या यादीत नसते. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

ट्रामने उतरून मी नदीकाठच्या झाडांखालून पश्चिमेकडे चालत निघाले. नावाचा आपल्या काशीशी काही संबंध नाही. फ्लोरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या येथील गोठ्यांवरून आणि दूधदुभत्यावरून ते पडले. ‘महाराजांचे स्मारक’ असे मोडक्या इटालियनमध्ये विचारल्यावर कुत्रा फिरवणारे एक आजोबा गोंधळले, पण ‘इंदियानो’ (म्हणजे भारतीय) म्हणताच त्यांनी हातातली काठी सरळ पुढे रोखली.

कोल्हापूरहून : आमच्या गावात राजाराम महाविद्यालय सर्वांना ठाऊक असते, पण ज्यांचे नाव त्याला दिले आहे ते छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. इटलीत त्या काळी दहनाची रीत नव्हती, त्यामुळे खास परवानगी मिळवावी लागली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. परमुलखातही सोबतच्या मंडळींनी संगम शोधून काढला, हे वाचले होते; प्रत्यक्ष तेथे उभा राहिलो तेव्हा मात्र पंचगंगेच्या घाटावरच्या छत्र्या डोळ्यांसमोर आल्या आणि बराच वेळ तेथून हलवेना. १८७४ सालच्या या छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा आहे; कोल्हापूरचा नवा राजवाडा पुढे त्यांनीच रचला. आतला अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा असून तो रंगवलेला आहे, त्यामुळे फेटा आणि दागिने दुरूनही उठून दिसतात. पांढऱ्या संगमरवराच्या त्या शहरात तो रंग मला फार आपला वाटला.

पुण्याहून : आम्ही मंगळवारी गेलो आणि तेथील आठवडी बाजारात अडकलो. पादत्राणे, पडदे, चीज असे सर्व काही होते. छत्रीपर्यंत पोहोचलोच नाही. मुलांसह जाणाऱ्यांनी दुसरा वार निवडावा.

म्युनिकहून : उन्हाळ्यात सायकल भाड्याने घेणे उत्तम, कारण छत्री अगदी पश्चिम टोकाला आहे आणि परतीची पायपीट कंटाळवाणी होते. जवळच तारांनी तोललेला मोठा पूल आहे, त्याचे नावही ‘इंदियानो’वरूनच पडलेले. वरून मोटारी सुसाट जातात, खाली पादचाऱ्यांची वाट आहे. मी तेथे उभा असताना पाण्यात दोन बगळे निवांत मासे टिपत होते.