सीमा ओलांडण्यापूर्वी बंदूक कोणाच्या हाती सोपवावी?

निवृत्त शिक्षिका, डिचोली

माझा धाकटा भाऊ गेली अनेक वर्षे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात राहतो आणि तिथला नागरिक आहे. येत्या जूनमध्ये तो आम्हा उभयतांना आपल्या मोटारहोममधून कॅनडामार्गे अलास्काला नेणार आहे. मागच्या रविवारी फोनवर तो गाडी आतून दाखवत होता. ओट्याखालचा खण त्याने ओढला, तेव्हा चमचे आणि टॉर्च यांच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेले पिस्तूल दिसले, आणि दोन सुटी काडतुसे घरंगळत खणाच्या पुढच्या कडेला येऊन थांबली. निर्जन जागी मुक्काम पडतो म्हणून ते तिथे असते, असे त्याचे म्हणणे. सीमेवर जाताना काय करणार, असे विचारल्यावर "एखाद्या मित्राकडे ठेवू" असे तो सहज म्हणाला. त्या सहजपणामुळेच मी हे लिहीत आहे.

माझे मत असे, की बंदूक घरातून निघण्यापूर्वी परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करावी, तिची नोंद करून घ्यावी आणि पावती हातात पडल्यावरच गाडी सुरू करावी. कॅनडाने २१ ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांच्या खरेदी-विक्रीवर आणि देशात आणण्यावर बंदी घातलेली आहे, त्यामुळे सहलीला निघालेल्या माणसाने ते बरोबर नेण्याचा प्रश्नच उरत नाही. नाक्यावरचा अधिकारी विचारतो तेव्हा खरे सांगायचेच असते. लपवले आणि सापडले, तर शस्त्र जप्त होते आणि फौजदारी खटला उभा राहतो. नाक्याच्या रांगेत गाडी लागल्यावर आठवण झाली, तर तिथे बंदूक ठेवायला कोणीही बसलेले नसते. म्हणून हा निर्णय घराच्या दारातच व्हायला हवा. आपणा सर्वांचे मत ऐकायला आवडेल, विरोधी असले तर अधिकच.

काजू बागायतदार

बाई, आपली काळजी रास्त आहे, पण पावतीवर आपण जेवढा विश्वास टाकता तेवढा मी टाकू शकत नाही, आणि त्याला कारण आहे. माझ्याकडे वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनाळी आहे. रानडुकरे आणि खेती (माकडे) बागेत उतरली की हवेत बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. लोकसभेच्या निवडणुकीसाठी १६ मार्च २०२४ रोजी आचारसंहिता लागली आणि आम्हाला शस्त्रे जमा करण्याचा आदेश आला. गोव्यात मतदान ७ मे रोजी झाले आणि निकाल ४ जूनला लागला, म्हणजे काजूचे बोंडू पिकण्याचा अख्खा हंगाम आम्ही डबे बडवून राखण केली.

त्याहून मोठे दुःख बंदूक परत मिळाली त्या दिवशी झाले. गोणपाटात गुंडाळून, भिंतीला टेकवून ती ठेवलेली होती. नळी उजेडाकडे धरून डोळा लावला, तर आत दोन ठिकाणी तांबूस चट्टे, आणि दस्त्याच्या लाकडाला करंगळीएवढी चीर गेलेली. पावतीवर फक्त "एक बंदूक, चालू स्थितीत" असे लिहिलेले होते, त्यामुळे तक्रार कशाच्या आधारावर करायची हेच कळेना. जी वस्तू आपण स्वतः तेलाचा हात देऊन पंधरा दिवसांनी पुसतो, ती परक्याच्या खोलीत कोण पुसणार? माझ्या मते आपल्या घरात, जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेले लोखंडी कपाट हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे. आपल्या भावाचेही घर असेलच.

तारवटी, वास्को

मी जहाजावर काम करणारा तारवटी, आणि दोघांशीही असहमत आहे. कायदा पाळून बंदूक नेता येत असेल, तर ती मागे सोडून जावीच का? पिस्तुलाची गोष्ट मान्य. परंतु साधी शिकारी बंदूक कॅनडात नेण्याचा सरळ मार्ग उपलब्ध आहे. परदेशी माणसाने ठरावीक अर्ज भरायचा, नाक्यावरच्या अधिकाऱ्यासमोर सही करायची, शुल्क भरायचे, आणि तो कागद ६० दिवस तात्पुरता परवाना म्हणून चालतो. अलास्का महामार्ग डॉसन क्रीकपासून सुरू होऊन युकॉनमधून जातो, २,२०० किलोमीटरहून लांब आहे आणि काही पट्ट्यांत तासन्‌तास वस्ती लागत नाही. त्या मुलखात अस्वले आहेत. बाईंच्या भावाने पिस्तूल विक्रेत्याकडे ठेवावे, पण लांब नळीची बंदूक रिकामी करून, कुलूप लावून, गाडीत बोल्टने बसवलेल्या पेटीत न्यावी. आयुष्यभर बोटीवर काम करताना मी एक गोष्ट शिकलो: कस्टम्सला जे आधी सांगितले जाते त्याचा त्रास होत नाही.

वकील, म्हापसा

तारवटींनी सांगितलेला अर्ज, शुल्क आणि मुदत बरोबर आहे, मात्र त्यात एक पोटकलम राहून गेले. १ मे २०२० रोजी कॅनडाने लष्करी धाटणीच्या पंधराशेहून अधिक नमुन्यांवर बंदी आणली. अमेरिकेतल्या दुकानात उघडपणे मिळणारी रायफल त्या यादीत असू शकते, आणि अर्ज भरला म्हणून ती वैध होत नाही. नमुना यादीशी ताडून पाहिल्याशिवाय कोणी निघू नये. अस्वलांसाठी खास बनवलेला तिखट फवारा नेता येतो, पण माणसांवर मारण्याचा फवारा कॅनडात निषिद्ध शस्त्रच मानला जातो, हेही लक्षात असावे.

"एखाद्या मित्राकडे ठेवू" हा मार्ग वॉशिंग्टन राज्यात वाटतो तितका सोपा नाही. तिथल्या मतदारांनी २०१४ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यानुसार बंदुकीचा ताबा दुसऱ्याकडे देताना परवानाधारक विक्रेत्यामार्फत पार्श्वभूमीची तपासणी करावी लागते. जवळच्या नातलगांना काही सवलती आहेत, मित्राला त्या आपोआप लागू होत नाहीत. २०१८ मध्ये त्याच राज्यात आणखी एक कायदा मंजूर झाला. त्यानुसार बंदूक कुलूपबंद न ठेवल्यामुळे ती बाळगण्यास मनाई असलेल्या व्यक्तीच्या हाती पडून काही अनिष्ट घडले, तर मालकावर गुन्हा येऊ शकतो. म्हणजे घरी ठेवायची तर बागायतदारांचे लोखंडी कपाटच हवे, गादीखालची जागा चालणार नाही.

मोटारहोमबद्दल अनेकांचा समज असतो, की ते घर आहे, त्यामुळे त्याला घराचे संरक्षण मिळते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये कार्नी खटल्यात, चालवता येण्याजोगे मोटारहोम झडतीच्या बाबतीत वाहनच समजावे, असा निर्णय दिला. सीमेच्या नाक्यावर तर अधिकाऱ्याचा अधिकार आणखी व्यापक असतो. आत ओटा, पलंग आणि देवाचा फोटो असला तरी ओट्याखालचा खण तो उघडणारच.

दक्षिणेची सीमा तर याहून कठोर आहे. ३१ मार्च २०१४ रोजी अमेरिकेच्या मरीन दलातला माजी सार्जंट अँड्र्यू ताहमूरेसी ट्रकमध्ये तीन बंदुका घेऊन मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात शिरला. चुकीच्या वळणामुळे आलो, असे तो सांगत राहिला. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी त्याची सुटका झाली. मधले सात महिने तो तिथल्या तुरुंगात होता. तारवटींचे "आधी सांगितले तर त्रास नाही" हे सूत्र मेक्सिकोच्या बाबतीत, आधीच परवाना मिळवलेला नसेल तर, लागू पडत नाही.

काजू बागायतदार

वकीलसाहेबांनी माझे कपाट मान्य केले, याचे समाधान वाटते. पण एक शंका विचारतो. बाईंच्या भावाच्या खणात दोन सुटी काडतुसे होती. पिस्तूल विक्रेत्याकडे गेले आणि एखादे काडतूस गाडीतच राहिले, तर काय होईल? आमच्याकडे विमानतळावर जुन्या बॅगेच्या अस्तरात एकच काडतूस सापडले तरी माणूस अडकून पडतो, असे ऐकतो.

वकील, म्हापसा

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितले आहे, की गुन्हा ठरण्यासाठी ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. परंतु हा बचाव न्यायालयात मांडायचा असतो. विमान तर त्याच दिवशी सुटून गेलेले असते. मेक्सिकोच्या हद्दीत एखादी गोळी सापडणे हेही अटकेला पुरेसे कारण ठरते.

आपल्या वाचकांपैकी कोणी गाडीने नेपाळला निघत असेल, तर त्यांच्यासाठीही सांगतो. भन्सार (नेपाळचे सीमाशुल्क) भरून गाडी पलीकडे जाते, पण भारतीय शस्त्र परवाना पलीकडे जात नाही. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. तो गोव्यापुरताच असेल, तर पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या बांद्याला बंदूक नेणेही बेकायदेशीर ठरते. आपल्या कायद्यात पोलीस स्थानकाप्रमाणेच परवानाधारक विक्रेत्याकडेही शस्त्र जमा ठेवण्याची सोय आहे, आणि बागायतदारांसारख्यांनी तिचा विचार करावा असे मला मनापासून वाटते.

तारवटी, वास्को

मेक्सिकोबाबत मी माझे विधान मागे घेतो. अलास्काबाबत घेत नाही. यादी ताडून पाहिलेली साधी शॉटगन कायद्याने नेता येते, तर नेणाऱ्याला बेफिकीर म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

तारवटी, बेफिकीर म्हणण्याचा माझा हेतू नव्हता. परंतु दोन महिन्यांच्या प्रवासात गाडी दहा ठिकाणी उभी राहील, किल्ली कधी गॅरेजवाल्याकडे जाईल, आम्ही सगळे डोंगरावर फिरायला गेलेले असू. पत्र्याच्या त्या भिंतीत पेटी कितीही पक्की बसवली, तरी चोराला अख्खी गाडीच नेता येते. अस्वलासाठी आम्ही फवारा घेऊ.

बागायतदार भाऊ, आपला अनुभव वाचून माझ्या आग्रहात मी एक बदल केला आहे. काल भावाशी तासभर बोलले. पिस्तूल विक्रेत्याकडेच जाईल, पण देताना नळी, दस्ता आणि क्रमांक यांची छायाचित्रे काढली जातील, आणि पावतीवर स्थितीचे वर्णन लिहून घेतले जाईल. चामड्याच्या म्यानात ते ठेवायचे नाही, कारण चामडे ओल धरते, हे त्यानेच मला सांगितले. काडतुसे वेगळ्या डब्यात जातील. मोटारहोमचे सगळे खण बाहेर काढून, उलटे करून, झाडून घ्यायचे काम त्याच्या मुलीने अंगावर घेतले आहे. घरातल्या कपाटाचा पर्यायही आम्ही विचारात घेतला होता. पण दोन महिने ते घर बंद राहणार आहे आणि शेजारी कोणी नाही, म्हणून तो सोडला.

काजू बागायतदार

घर बंद राहणार असेल, तर माझाही आग्रह नाही. पावतीवर "नळीच्या आत गंज नाही" हे वाक्य मात्र त्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगा. यंदा आमची बंदूक जमा करायची वेळ आली तर मीही तेच लिहून घेणार आहे, आणि अधिकाऱ्यांनी नकार दिला तर तिथेच उभा राहून लेखी अर्ज देणार आहे.