मेटर्निख घराण्याची वंशावळ: पाउलिना नात की सून?

कृष्णाकाठ, सांगली: वाचनगटासाठी तक्ता करतोय. पाउलिना मेटर्निख ही ऑस्ट्रियाचा चान्सलर क्लेमेन्स मेटर्निखची कुठे नात, तर कुठे सून दिसते. खरं काय?

माहुलीकर, सातारा: दोन्ही खरं आहे. क्लेमेन्सची पहिली पत्नी एलिओनोरे, चान्सलर काउनित्झची नात (लग्न 1795). त्यांची मुलगी लेओन्टिना, तिची मुलगी पाउलिना. रिखार्ड दुसऱ्या पत्नीचा मुलगा, जन्म 1829. पाउलिनाने 1856 मध्ये या सावत्र मामाशीच लग्न केलं. मामा-भाचीचं लग्न आपल्याकडेही काही समाजांत होतं, त्यामुळे नातं लगेच उमगावं. तक्त्यात आधी दोन्ही पत्न्यांच्या शाखा वेगळ्या काढा, मग लग्नाची आडवी रेघ. क्लेमेन्सखाली सगळी मुलं एका ओळीत मांडली की घोळ होतोच.

कृष्णाकाठ: आभार. पदांचं काय? सगळ्यांना 'राजदूत' लिहिलंय.

माहुलीकर: ते बदलाच. 1815 ला व्हिएन्ना परिषदेत परदेशी पाठवायच्या प्रतिनिधींचे दर्जे ठरले: राजदूत, मग मंत्रीदर्जाचा दूत, मग कार्यभारी. 1818 मध्ये निवासी मंत्री हा तिसरा दर्जा झाला, कार्यभारी चौथा. रिखार्ड पॅरिसमध्ये राजदूत (1859 पासून), पण प्रशियाचा बिस्मार्क 1859 मध्ये पीटर्सबर्गला फक्त दूत होता. दरबारात एकाच दर्जातला मान आगमनाच्या अधिकृत सूचनेच्या तारखेवरून ठरे.

वाईवाला: रशियन तारखाही तपासा. 19व्या शतकात ते पंचांग 12 दिवस मागे होतं. लिव्हेन हे रशियन घराणं घेणार असाल तर प्रत्येक तारखेपुढे जुन्या पंचांगाची की नव्या ते लिहा.